ड्युसेलडॉर्फला आलोय, एक दिवस मोकळा आहे. एसेनला जाण्यात अर्थ आहे का?

नक्की जा. रेल्वेने साधारण अर्ध्या तासाचं अंतर आहे. कोळसा आणि पोलाद यांवर उभं राहिलेलं हे शहर. २०१० मध्ये ते रूर खोऱ्याच्या वतीने युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं आणि २०१७ मध्ये युरोपची हरित राजधानी.

सकाळ त्सोलफेराइनसाठी ठेवा. मुख्य स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम तिथे जाते. ही कोळशाची खाण १९८६ मध्ये बंद पडली, पण पाडली नाही. २००१ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. कोळसा जिथे धुतला जायचा त्या इमारतीत आता रूर संग्रहालय आहे. लांबलचक नारिंगी सरकत्या जिन्याने वर जायचं आणि जुन्या यंत्रांच्या मधून फिरत खाली उतरायचं. शक्य असेल तर मार्गदर्शकासोबतची फेरी घ्याच, कारण कामगार कसे जगले हे नुसत्या पाट्या वाचून उमगत नाही. आवारातल्या जुन्या रुळांच्या कडेने आता बर्चची झाडं माजली आहेत. मला तर संग्रहालयापेक्षा तेच जास्त भावलं.

दुपारी एस६ लोकलने ह्यूगल स्टेशनला उतरा. क्रुप या पोलादसम्राट घराण्याचा २६९ खोल्यांचा वाडा तिथे आहे आणि खाली बाल्डेनाय तलाव. रूर नदीच्या या भागात १९७१ पासून पोहायला बंदी होती. २०१७ पासून तलावावर ठरावीक जागी पुन्हा पोहता येतं. चित्रांची आवड असेल तर वाडा सोडून फोल्कवांग संग्रहालय गाठा.