थंडीत जेट स्की चालवताना वेटसूट घ्यावा की ड्रायसूट?

आपण शहादा तालुक्यातले आहात, सारंगखेड्याच्या बॅरेजमागच्या तापीच्या फुगवट्यावर डिसेंबर-जानेवारीत सकाळी जेट स्की चालवण्याचा आपला विचार आहे, पुढेमागे उत्तराखंडात टिहरीच्या जलाशयावरही जायचे आहे, आणि एकदाच पैसे घालायचे तर ते वेटसूटमध्ये (निओप्रीन या फेसाळ रबराचा, अंगाला घट्ट बसणारा सूट) घालावेत की ड्रायसूटमध्ये (पाणी आत येऊ न देणारा सूट), असे आपण विचारले आहे. तापीपुरते माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. पूर्ण बाह्यांचा व पूर्ण पायांचा ३/२ मिलिमीटरचा (पहिला आकडा धडावरची जाडी सांगतो, दुसरा हातापायांवरची) वेटसूट घ्यावा आणि त्यावर वारा अडवणारे जॅकेट घालावे. टिहरीचा जलाशय हिमालयात असल्याने त्याचा विचार वेगळा करावा लागेल. दोन्ही ठिकाणी सारखाच चालेल असा एकच सूट शोधू नये.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे स्कॉटलंडमध्ये होतो आणि तेथे मी दोन्ही प्रकारचे सूट वापरले. तिथल्या समुद्राचे पाणी हिवाळ्याच्या अखेरीस ६ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि अशा पाण्यावर ड्रायसूटवाचून जाण्याचा विचारही कोणी शहाणा माणूस करत नाही. जळगावला परतल्यावर मात्र हा हिशेब बदलतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंशांच्या खाली जाते, रावेर-यावलकडचे शेतकरी केळीवर चरका येऊ नये म्हणून बागेच्या बांधावर शेकोट्या करून धूर करतात, त्यामुळे ही थंडी खोटी नव्हे. पण ती हवेची थंडी आहे. दिवसभर ऊन पिणारे मोठ्या जलाशयाचे पाणी हवेइतके झपाट्याने निवत नाही. म्हणून खरेदीपूर्वी एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून पहाटे हातभर खोल सोडावा आणि पाण्याचे तापमान प्रत्यक्ष मोजावे. ते १७ ते २० अंशांच्या आसपास असेल तर ३/२ चा सूट पुरतो. १३ ते १७ असेल तर ४/३ चा घ्यावा. १५ च्या खाली सतत व दीर्घकाळ वावरायचे असेल तर ड्रायसूटचा विचार सुरू होतो.

वेटसूट पाणी आत येऊ देतो. ते निओप्रीन आणि त्वचा यांच्यामध्ये पातळ थर होऊन राहते व शरीराच्या उष्णतेने कोमट होते. मात्र ऊब टिकवण्याचे मुख्य काम निओप्रीनमधले वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे करतात. १९५० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी नेमके हेच हेरले होते, की ऊब राखण्यासाठी अंग कोरडे असण्याची गरज नाही. म्हणूनच सूट अंगाला घट्ट बसणे अत्यावश्यक आहे. सैल सूट घालून वेगात पडलात, तर मानेतून शिरणारे पाणी आतला कोमट थर धुऊन नेते आणि जाडीचा काहीच उपयोग होत नाही. ड्रायसूटचे तत्त्व याच्या उलट आहे. तो जलरोधक कापडाचा असतो, मान व मनगटाशी लेटेक्सच्या किंवा निओप्रीनच्या पट्ट्यांनी बंद होतो, आणि स्वतः फारशी ऊब देत नाही. ऊब आत घातलेल्या लोकरीच्या किंवा फ्लीसच्या कपड्यांची असते. आत सुती कपडे घालू नयेत, कारण ते घामाने भिजले की कोरड्या सूटमध्येही माणूस गारठतो.

जेट स्कीवर माणूस पाण्यात कमी आणि वाऱ्यात जास्त असतो, ही गोष्ट पोहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत सुटून जाते. ओल्या वेटसूटवरून वारा वाहिला की पृष्ठभागावरचे पाणी उडून जाते आणि सूट माठासारखा गार पडत जातो. पाणी उबदार असूनही स्वार कुडकुडतो तो यामुळे. त्यावर जाड सूट हा उपाय नव्हे. वारा अडवणारे जॅकेट, निओप्रीनचे हातमोजे आणि छातीवर गुळगुळीत निओप्रीनचा भाग असलेला सूट यांनी फार मोठा फरक पडतो. बसण्याच्या जागी मात्र कापडी अस्तर असलेलेच निओप्रीन हवे, कारण गुळगुळीत भाग घासून लवकर फाटतो. आपण उभ्याने चालवायची जेट स्की घेणार असाल तर वारंवार पडणे आणि दमणे ठरलेलेच आहे, आणि मग दहा वाजल्यानंतरच्या आपल्या उन्हात ड्रायसूट असह्य होईल.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे उत्तर मुख्यतः लिहीत आहे, तो सांगतो. जेट स्कीच्या मागच्या नळीतून पाण्याचा अतिशय जोरदार झोत बाहेर पडतो. स्वार, आणि विशेषतः मागे बसलेली व्यक्ती, मागच्या बाजूला पडली तर तो झोत गुदद्वारातून किंवा योनिमार्गातून शरीरात घुसून आतल्या अवयवांना गंभीर इजा करू शकतो. साधी चड्डी किंवा पोहण्याचा पोशाख यापासून संरक्षण देत नाही, म्हणूनच उत्पादक यंत्रावरच्या इशाऱ्यात वेटसूटची विजार किंवा तितकेच संरक्षण देणारे कपडे घालण्यास सांगतात. संकोचापोटी ही गोष्ट आपल्याकडे बोलली जात नाही, आणि म्हणूनच ती स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. टिहरीला ड्रायसूट घातलात तरी त्याच्या आत निओप्रीनची आखूड विजार घालावी. आपल्या मागे बसणाऱ्या प्रत्येकालाही, मग ती व्यक्ती एकाच फेरीसाठी का बसेना, निओप्रीनची विजार द्यावी.

थंड पाण्याचा खरा धोका काय, तेही समजून घ्यावे. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी अतिशीत पाण्यासाठी १-१०-१ असा क्रम सांगितला आहे: पडल्यावर श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय उपयोगी हालचाल करू शकतात अशी सुमारे १० मिनिटे, आणि उष्णता गमावून शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण १ तास. पहिल्या मिनिटात धाप आवरत नसताना तोंड पाण्याच्या वर राहिले पाहिजे, आणि ते काम लाइफ जॅकेटचे आहे. वेटसूट तरंगायला थोडी मदत करतो, पण लाइफ जॅकेटची जागा घेत नाही. पुढच्या १० मिनिटांत परत यंत्रावर चढता आले पाहिजे, म्हणून इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय निघू नये. ती नसेल तर यंत्र आपल्याला सोडून दूर जाईल.

टिहरीसाठी ड्रायसूट घ्यायची वेळ आली, तर चेन लावल्यावर उकिडवे बसून गळ्याची पट्टी बोटाने किंचित उघडावी आणि आतली हवा बाहेर काढावी, नाहीतर ती पायांत साचून पाय वर येतात. पहिल्यांदा काठाजवळच्या उथळ पाण्यात, सोबतीला कोणीतरी असताना, तो घालून पाहावा. वेटसूट खरचटला तरी बहुतेक काम करत राहतो. ड्रायसूटची गळ्याची पट्टी फाटली की आतले कपडे भिजतात, ऊब जाते, आणि आत भरलेल्या पाण्यासह यंत्रावर चढणे कठीण होते. लेटेक्सला ऊन, उष्णता, पेट्रोल आणि तेल मानवत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेला ड्रायसूट पुढच्या हिवाळ्यात पट्ट्या चिरलेला निघण्याचीच शक्यता अधिक, तेव्हा तो घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कपाटात, पट्ट्यांना टाल्क पावडर लावून ठेवावा. किंमतही वेटसूटच्या कित्येक पट असते. वर्षातून एका सहलीसाठी तेवढे पैसे घालण्यापेक्षा तो तेथेच भाड्याने मिळतो का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे, आणि मिळत असेल तर गळ्याच्या व मनगटाच्या पट्ट्या ताणून, चिरा नाहीत हे पाहूनच ताब्यात घ्यावा.