फाल्गुनातली बाग आणि गोधडी
ज्यांनी बागकाम आणि गोधडी शिवणे एकदमच हाती घेतले आहे, त्यांना सांगते की फाल्गुनाच्या या दिवसांत आधी मातीकडे पाहावे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, त्यामुळे भेंडी, गवार आणि काकडीचे बी फेब्रुवारीतच टोकलेले बरे; उशीर झाल्यास कोवळी रोपे माना टाकतात. सकाळी नऊपर्यंत बाग आणि दुपारी सावलीत गोधडीचा धावदोरा, म्हणजे साधा सरळ टाका, एवढी वाटणी पुरते. हात मात्र नखांपर्यंत घासून धुवावेत, कारण माझ्या एका गोधडीच्या पांढऱ्या अस्तरावर काळ्या मातीचा अंगठा अजून उमटलेला आहे. जुन्या सुती लुगड्यांचे थर ताणून अंथरावेत आणि मध्यापासून कडांकडे जात लांब कच्चे टाके घालून ठेवावेत, म्हणजे पाणी द्यायला मध्येच उठावे लागले तरी थर सरकत नाहीत.