एआयनं लिहिलं की मुलानं? तीन प्रश्न

प्रश्न: फोंड्यातल्या महाविद्यालयात शिकवते. एका मुलीच्या इंग्रजी असाइनमेंटवर एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं ८० टक्के दाखवले. शून्य देऊ का?

नको, मॅडम. तो आकडा म्हणजे अंदाज, पुरावा नव्हे. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं स्वतःचंच असं साधन जुलै २०२३मध्ये बंद केलं, ते पुरेसं अचूक नाही म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध अशा सात साधनांना दिले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले! ही साधनं शब्द किती अपेक्षित आहेत ते मोजतात. चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीत एकदम इंग्रजीत पडलेली आपली मुलं जपून, ठरावीक शब्दांतच लिहितात, आणि नेमकी तीच सापडतात.

मीही एकदा असल्या आकड्यावर भरवसा ठेवून एका मुलाला नको ते बोललो. त्यानं वहीतला खाडाखोडीचा कच्चा मसुदा पुढ्यात ठेवला. माझा चेहरा पडला. मुलीला दहा मिनिटं समोर बसवा, 'हे उदाहरण का घेतलंस?' एवढंच विचारा. स्वतः लिहिलेलं असेल तर अडखळत का होईना, सांगेल.

प्रश्न: खाजन शेतीवरच्या (खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या जमिनीतल्या शेतीवरच्या) प्रकल्पासाठी एआयनं पाच पुस्तकं सुचवली. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एकही मिळालं नाही.

मिळणार कुठून? बहुधा ती छापलीच गेली नसतील. एआयचं मॉडेल शब्दापुढे शोभेलसा शब्द ठेवत जातं. लेखक, साल, पान सगळं खरं वाटतं. ग्रंथपालांनाच विचार, आणि एखाद्या मानशीवर, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या जागेवर, जाऊन ये. भरतीला तिचं दार मिटतं, ओहोटीला उघडतं, हे डोळ्यांनी बघ. तिथल्या शेतकऱ्याला काय विचारायचं, ते प्रश्न काढायला मात्र एआय खुशाल वापर.

प्रश्न: माझं इंग्रजी एआयकडून सुधारून घेतलं तर ती कॉपी होते का?

विषय शिकवणाऱ्या सरांना आधी विचार. भाषेच्याच पेपरात ती कॉपीच ठरेल. इतरत्र परवानगी असली तर शेवटी दोन ओळी लिही: कोणतं साधन, कशासाठी. आणि वहीतला कच्चा मसुदा रद्दीत टाकू नकोस.