वाचकांचे प्रश्न : गल्ल्यावरची मांजर कशाची घ्यावी?

प्रश्न : मी नागोयाला नोकरी करते. गणपतीत चिपळूणला घरी जाणार आहे. बाबांचं बाजारपेठेत साड्यांचं दुकान आहे. पंजा वर करून बसलेली जपानी मांजर त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिली आणि 'येताना गल्ल्यावर ठेवायला ती आणच' असा हट्ट धरलाय. इथल्या दुकानांत पाहायला गेले तर मातीची, कागदाच्या लगद्याची, लाकडी, लोखंडी, प्लास्टिकची, सगळ्या प्रकारची दिसली. बाबा गल्ल्यावर सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावतात. २०२१च्या पुरात दुकानात पाणी शिरलं होतं. दमट हवा तर कायमचीच. कशाची घेऊ?
– एक वाचक, नागोया

उत्तर : उदबत्ती, दमट हवा आणि गल्ला या तीन गोष्टी तुम्ही आवर्जून लिहिल्यात, म्हणून सल्ला देणं सोपं झालं. मानेकी-नेको, म्हणजे हीच पंजा वर करून बोलावणारी मांजर, घेताना बहुतेक जण उजवा पंजा की डावा, पांढरी की सोनेरी, यातच अडकतात. मी मातीकाम करणारी बाई. मला आधी विचारावंसं वाटतं, ती बसणार कुठे आणि तिला पुसणार कोण? तुमच्या बाबांच्या गल्ल्यासाठी चांगल्या आचेवर भाजलेली, अंगभर ग्लेझ असलेली मातीची मांजरच घ्या. ग्लेझ म्हणजे मातीवर वितळून बसलेली काच. तिच्यावर उदबत्तीचा धूर धरला तरी ओल्या फडक्याने निघतो, पावसाळ्यात बुरशी आली तरी निघते. पुराचा चिखल लागला तर नळाखाली धुवायची.

आणि तुम्ही राहता ते ठिकाणही यासाठी अगदी नेमकं आहे. नागोयाहून मेइतेत्सुच्या गाडीने पाऊण तासाच्या आत तोकोनामे येतं. जपानच्या सहा प्राचीन भट्टीगावांपैकी हे एक. तिथल्या लोहयुक्त मातीच्या लाल चहादाण्या प्रसिद्ध आहेत. सांडपाण्याचे मातीचे पाइपही एके काळी तिथे इतके बनत की एका चढणीची एक भिंत जुन्या पाइपांनी आणि दुसरी दारूच्या जुन्या मातीच्या बाटल्यांनी बांधली आहे. आज मातीच्या मानेकी-नेकोचं हे सगळ्यात मोठं गाव आहे. गुबगुबीत अंग, मोठाले डोळे आणि पोटाशी धरलेलं सोनेरी नाणं, हे आपल्या डोळ्यांसमोर येणारं रूप याच गावाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात घराघरांत पोहोचवलं. नाण्यावर बहुधा 'एक कोटी र्‍यो' (र्‍यो म्हणजे जपानचं जुनं सोन्याचं नाणं) लिहिलेलं असतं. बाबांना ते नक्की आवडेल. स्टेशनपासून जवळच मांजरींचा रस्ता आहे आणि त्याच्यावर ३.८ मीटर उंचीचं मांजरीचं भलंमोठं डोकं भिंतीआडून डोकावतं. नागोयाचा चुबु विमानतळही तोकोनामेतच आहे, त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी लवकर बाहेर पडलात तरी खरेदी होईल. पण मी म्हणेन, आधीच्या एखाद्या रविवारी निवांत जा.

दुकानात मांजर हातात घेतलीत की पहिल्यांदा उलटी करा. खरी गोष्ट तळाशी कळते. या मांजरी प्लास्टरच्या साच्यात ओततात. पातळ मातीचा घोळ साच्यात भरतात, प्लास्टर पाणी शोषून घेतं, कडेने मातीचा थर धरतो आणि उरलेला घोळ ओतून टाकतात. म्हणून आत पोकळी असते, आणि भट्टीत आतली हवा बाहेर पडावी म्हणून तळाला भोक ठेवलेलं असतं. बूड टेकतं ती कड उघडी, खरखरीत हवी. तिथे ग्लेझ असतं तर ते वितळून मांजर भट्टीच्या फळीलाच चिकटली असती. आता बोट ओलं करून त्या उघड्या कडेवर टेकवा. पाणी बघता बघता आत ओढलं गेलं आणि डाग काळपट झाला, तर माती कमी आचेची आहे. थेंब वरच राहिला तर भाजणी पक्की. मग नखाने टिचकी मारा. पक्की मातीची वस्तू खणखणते. रेझिनची नक्कल मात्र भद्द वाजते आणि तिचा तळ बहुधा फेल्ट किंवा स्टिकर लावून झाकलेला असतो. शेवटी डोळ्यांकडे बघा. हाताने कुंचला फिरवलेला असेल तर दोन्ही डोळे अगदी एकसारखे नसतात. मिशीची रेघ सुरुवातीला जाड, टोकाला बारीक होत जाते. अशी मांजर निवडा. रंग ग्लेझखाली आहे की वरून नुसता फासलाय, हे दुकानदाराला विचारायला संकोच करू नका. वरून लावलेला रंग रोजच्या पुसण्याने जातो.

नागोयाच्याच आइची प्रांतात सेतो हे दुसरं भट्टीगाव आहे. तिथल्या मांजरी मेइजी काळापासूनच्या (१८६८ ते १९१२), अंगाने सडपातळ, गळ्यात लाळेरं बांधलेल्या. बाबांना गुबगुबीतपणा नको असेल तर तिथे जा. तिथे मानेकी-नेकोचं संग्रहालयही आहे.

बाकीच्या मांजरी वाईट नाहीत, फक्त तुमच्या गल्ल्यावरच्या नाहीत. इशिकावा प्रांतातली कुतानी मांजर मला फार प्रिय आहे. तिच्या अंगावर रंगाचे बारीक उंचवटे, सोन्याच्या रेघा आणि हिरव्या-जांभळ्याचा थाट असतो. पण ते सोनं ग्लेझच्या वर, नंतरच्या कमी आचेत बसवलेलं असतं. रोज फडकं फिरलं की ते झिजणार, आणि उंचवट्यांच्या फटींत काजळी बसणार. घरच्या काचेच्या कपाटात ती वर्षानुवर्षं सुंदर राहील.

तोक्योत असाकुसाजवळच्या इमादो भागातली मातीची मांजर याहून जुनी. हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या १८५२च्या एका चित्रात अशा मांजरी विकणारं दुकान दिसतं. कमी आचेची माती, तिच्यावर शिंपल्याच्या पुडीचा पांढरा रंग सरसात कालवून लावलेला. त्या पांढऱ्याला जो मऊपणा आहे तो कुठल्याही ग्लेझला येत नाही, हे मी ग्लेझवर जीव असूनही म्हणते. पण पाणी लागलं की तो रंग सुटतो आणि धूर तर पिऊनच घेतो. उदबत्तीच्या शेजारी तिला ठेवणं म्हणजे तिचा छळ आहे. घ्यायचीच असेल तर स्वतःच्या नागोयाच्या खोलीत ठेवा.

गुन्मा प्रांतातल्या ताकासाकीला दारुमा (गोलमटोल शुभ बाहुल्या) करणारे कारागीर कागदाच्या मांजरी करतात. हलक्या असतात, पडल्या तरी फुटत नाहीत, बॅगेतून न्यायला त्याहून सोप्या काही नाहीत. पण कोकणातला पावसाळा आणि कागद! कसर लागली नाही तर ओल धरेल. लोखंडी गंजेल. लाकडी चालेल, पण धुराने काळवंडली की घासून काढावी लागते. प्लास्टिकची घेण्यासाठी जपानहून यायची गरजच नाही.

पंजाचं म्हणाल तर समज असा की डावा पंजा माणसांना बोलावतो, उजवा पैशाला. दुकानासाठी डावा घ्या. गिऱ्हाईक आलं की पुढचं बाबा बघतील. तोक्योच्या गोतोकुजी देवळातल्या पांढऱ्या मांजरींचा मात्र उजवा पंजा वर असतो आणि त्यांच्या हाती नाणं नसतं. तिथे मनातली इच्छा पुरी झाल्यावर लोक मांजर देवळात परत आणून ठेवतात, म्हणून तिथे त्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. ती देवळाची परंपरा आहे, गल्ल्यासाठी तिच्या मागे लागू नका.

रुंद बुडाची घ्या, म्हणजे साड्यांचे गठ्ठे सरकवताना धक्का लागला तरी कलंडणार नाही. खाली रबराच्या लहान चकत्या चिकटवा. प्रवासात ती हातातल्या बॅगेतच असू द्या. कान आणि वर केलेला पंजा हेच आधी फुटतात, तेव्हा आधी मोजे त्यांच्याभोवती घट्ट गुंडाळा आणि मग सगळी मांजर सुती ओढणीत. उदबत्तीचं घर तिच्यापासून वीतभर तरी लांब ठेवायला बाबांना सांगा.

प्रश्न : आमच्याकडे पंजा हलवणारी सौरऊर्जेवरची सोनेरी मांजर आहे. पावसाळ्यात तिचा पंजा थांबतो. बिघडली का? आणि ही अस्सल नाही, असं जाऊबाई म्हणतात.
– एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : बिघडलेली नाही. तिच्या पायथ्याच्या लहानशा पट्टीवर उजेड पडला की आतल्या तारेच्या वेटोळ्यात थोडीशी वीज खेळते, आणि पंजाच्या दांडीला लावलेल्या चुंबकाला ते वेटोळं हलकासा धक्का देतं. मोटर नसते, म्हणून ढगाळ दिवसात ताकद पुरत नाही. खिडकीत ठेवा किंवा टेबललॅम्पखाली. तिथेही हलली नाही तर मागचं झाकण काढून दांडी जिथे टेकते तिथली धूळ कोरड्या ब्रशने झाडा. तेल घालू नका, त्याला आणखी धूळ चिकटते. जाऊबाईंना सांगा, ही अलीकडची, बहुतेक चीनमध्ये बनणारी मांजर आहे हे खरं; पण पंजा वर करून बोलावण्याची रीत तिने जपानकडूनच घेतली आहे. घरातल्या पोरांना ती आवडत असेल तर राहू द्या.