म्युझियम पाहून आलो, पण बोलणंच झालं नाही

साखरपुड्याला दोन महिने झालेला एक तरुण एप्रिलअखेरीस समुपदेशनासाठी आला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तो टॉवेल विणणाऱ्या कारखान्यात काम बघतो. ती शाळेत शिकवते, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ‘ए’ ग्रेड मिळवलेली. तिच्या आवडीचं म्हणून दोघं सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय बघून आले होते. ‘‘येताना गाडीत एक शब्द नाही. मला चित्रातलं काही कळत नाही की! आमची जोडी चुकली का?’’

हा प्रश्न लग्न ठरलेली मुलं-मुली फार वेळा विचारतात, ठिकाण तेवढं बदलतं. त्याला उत्तर देण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक विचारून घेतलं. सोलापुरातून निघाले आठला. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत दीडशेहून जास्त किलोमीटर. पोचेपर्यंत दुपार, ऊन चाळिशीच्या वर, पोटात सकाळचे पोहे. पन्नास मिनिटांत सगळी दालनं उरकली. एवढं सोसल्यावर कुठलंही जोडपं गप्पच होईल. त्यावरून स्वभाव जुळत नाहीत असं ठरवू नये.

म्युझियमचा थकवा ही काही नवी गोष्ट नाही. बॉस्टनच्या म्युझियममधले बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ साली त्यावर लेख लिहिला होता. वाकून वस्तू बघणं, पाट्या वाचणं, पुन्हा सरळ होणं यानं माणूस कसा दमतो, हे त्यांनी फोटोंसह दाखवलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममधल्या एका पाहणीत (प्रसिद्धी २००१) लोक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबत असल्याचं आढळलं. तेवढ्या वेळात पाटी वाचून होते, चित्र बघायचं राहतं.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. ती प्रत्येक चित्र समजावून सांगत गेली आणि तो मान डोलावत राहिला. औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं हे संग्रहालय, राजा रविवर्म्याची चित्रं, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ शिल्प, ही सगळी माहिती तिनं प्रेमानं दिली. पण एक सांगणारा आणि एक ऐकणारा अशी वाटणी झाली की ऐकणारा हळूहळू लहान होत जातो.

‘‘तुमची नजर कुठं थांबली होती?’’ असं विचारल्यावर तो जरा घुटमळला. ‘‘रविवर्म्याच्या एका साडीच्या काठावर. जरीवर उजेड पडतो ना, तो नुसत्या रंगानं काढलाय. पदराची घडी पडते तिथं काठ कसा वळतो, तेही बरोब्बर आहे.’’ हे तिला सांगितलंत का? ‘‘ते काय, कापडाचं झालं. चित्रकलेचं नाही.’’

चित्र बघायला एवढंच लागतं, आणि ते त्याच्याकडे रोजच्या कामातून आलेलं होतं.

दुसऱ्या भेटीसाठी सोलापुरातलंच, भैय्या चौकाजवळचं डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारक सुचवलं. चीन-जपान युद्धात चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार करणारे ते हेच डॉक्टर. ते चित्रसंग्रहालय नाही, पण लहान आहे, आणि पहिल्या सरावाला लहान जागाच हवी. सुट्टीचा वार आणि दुपारी बंद असण्याची वेळ आधी विचारून घ्यायची. सकाळी उघडल्या उघडल्या किंवा साडेचारनंतर जायचं. आत बाटली उघडता येत नाही बहुधा, म्हणून पाणी बाहेरच पोटभर प्यायचं. फोन खिशात.

आत गेल्यावर पहिली फेरी सात-आठ मिनिटांची, न बोलता आणि पाट्या न वाचता. मग दोघांनी एकेक वस्तू मनात निवडायची. त्या वस्तूसमोर तीन मिनिटं उभं राहायचं. ‘आवडलं का?’ विचारू नका, हो-नाही म्हटलं की विषय मिटतो. ‘पहिली नजर कुठं गेली?’ असं विचारा. जो कमी बोलतो त्यानं आधी सांगायचं, आणि फक्त डोळ्यांना दिसतंय तेवढंच. पाटी सगळ्यात शेवटी, कारण तिच्यावर उत्तर लिहिलेलं असतं आणि उत्तर मिळालं की माणूस शोधायचं सोडतो. एकूण पाऊण तास. बघायचं राहिलं तर राहू द्या. मग बाहेर सावलीत बसून लिंबू सरबत. खरं बोलणं बऱ्याचदा तिथंच होतं.

एक गोष्ट मात्र हलकी घेऊ नये. तुम्ही दिसलं ते सांगितलंत आणि समोरच्यानं ते हसण्यावारी नेलं, तेही पुन्हा पुन्हा, तर तिथं दोष उन्हाचा नसतो. या मुलीनं तसं काही केलं नव्हतं. नंतर त्यानं काठाबद्दल सांगितल्यावर ती म्हणाली होती, ‘‘मग तेव्हाच का नाही बोललास?’’

पंधरा दिवसांनी दोघं एकत्र आले. स्मारकात तिनं निवडला होता कोटणीस, त्यांची पत्नी क्वो चिंगलान आणि बाळाचा फोटो. मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे ‘यिन’ भारत आणि ‘हुआ’ चीन. त्यानं मात्र वेगळाच धागा धरला होता. १९३८ मध्ये चीनला गेलेले डॉक्टर, इकडे वडील वारल्यावरही परतले नाहीत. १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. ‘‘मला हे जमलं नसतं,’’ तो तिला म्हणाला. त्यावरून सरबताच्या गाड्यावर विषय निघाला तिला पुण्यात मिळू शकणाऱ्या नोकरीचा आणि त्याच्या सोलापुरातल्या आई-वडिलांचा. दोन महिन्यांत हा विषय एकदाही निघाला नव्हता.

पुढची बैठक आता त्यावर आहे. औंधला ती दोघं पुन्हा जाणार आहेत, दिवाळीनंतर, थंडीत.