ऐकायच्या अँटेनाची केबल थेट लावू नकोस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. ऐकण्यासाठी वेगळी लूप (वेटोळ्याच्या आकाराची अँटेना) उभारलीस आणि हौशी रेडिओच्या १६० मीटर बँडवरचा गोंगाट उतरला, हे वाचून फार आनंद झाला. पण तिची केबल तू रिसीव्हरला थेट जोडली आहेस. ट्रान्समिट करताना तुझाच सिग्नल त्या वाटेने शिरून रिसीव्हर जाळू शकतो, म्हणून लगेच लिहायला बसलो.

एकाच अँटेनावर काम करताना रेडिओ ट्रान्समिटच्या वेळी आपला रिसीव्हर स्वतःच बाजूला काढतो. वेगळ्या अँटेनाच्या सॉकेटबाबत ते गृहीत धरू नकोस. स्वतंत्र एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) असेल तर त्याला तू ट्रान्समिट करतो आहेस याचा पत्ताही नसतो.

हिशेब बघ. १०० वॅट सोडलेस आणि त्यातली शक्ती लूपमध्ये ३० डेसिबलने कमी होऊन पोचली, तरी ५० ओहमवर सव्वादोन व्होल्ट होतात. एस-९ चा, म्हणजे रिसीव्हरच्या मीटरवर चांगला जोरदार दिसणारा सिग्नल म्हणजे फक्त ५० मायक्रोव्होल्ट!

म्हणून आधी मोज. लूपची केबल सोडवून टोकाला ५० ओहमचा रेझिस्टर लाव, त्यावर ऑसिलोस्कोप धर आणि ५ वॅटवर ट्रान्समिट कर. व्होल्टेज शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. ५ वॅटला अर्धा व्होल्ट दिसला तर ५०० वॅटला पाच. प्रत्येक बँडवर वेगळं मोज, कारण एका बँडवर सुरक्षित असलेली अँटेनांची जोडी दुसऱ्यावर घातक ठरते. माझा एक प्रीअँप (रिसीव्हरआधी सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर) असाच गेला. तो एकदम बंद पडला नाही, बहिरा होत गेला, आणि मी कितीतरी दिवस बँडच खराब आहे असं समजत राहिलो.

उलटसुलट जोडलेले दोन सिलिकॉन डायोड व्होल्टेज साधारण ०.७ व्होल्टवर अडवतात. ते जरूर लाव, पण जवळच्या जोरकस प्रसारण केंद्राने तेच डायोड वाहू लागले, तर नसलेले सिग्नल ऐकू येतात. दोन्ही दिशांना दोन-दोन डायोड एकापुढे एक जोडलेस तर हा त्रास कमी होतो, मात्र मर्यादा दुप्पट होते. आधीच्या मोजमापाशिवाय हे ठरवता येणार नाही.

माझा खरा भरवसा रिलेवर, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचवर. ट्रान्समिटला त्याने लूप तोडावी आणि रिसीव्हरचं इनपुट जमिनीला जोडावं. जोडणी अशी कर की रिलेचा वीजपुरवठा गेला तरी तो याच सुरक्षित स्थितीत राहील. रिलेला हलायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ ट्रान्समीटरला थांबव. मोर्सच्या ब्रेक-इनमध्ये (पाठवता पाठवता मधल्या जागांत ऐकण्याच्या पद्धतीत) हे चुकलं तर प्रत्येक डॅश-डॉटला घाव बसतो.

गॅस ट्यूब (जास्त व्होल्टेज जमिनीकडे वळवणारी वायूची नळी) स्थिर विजेसाठी हवीच, पण ती बऱ्याच जास्त व्होल्टेजवर पेटते. रिसीव्हर त्याआधीच गेलेला असतो.

मोजलेले आकडे बँडवार लिहून पाठव. तोवर केबल काढून ठेव.

तुझा,
काका