आघात सोसलेल्या मुलांच्या काळजीवाहकांना दोन दिवसांत काय शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या एका बालगृहात नव्याने लागलेल्या काळजीवाहकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण तुमच्यावर सोपवलंय, आणि मारहाण, अत्याचार, आईबापाचा मृत्यू असं सोसून आलेल्या मुलांबद्दल त्यांना काय शिकवावं हे तुम्हाला सुचत नाहीये. मी इथेच मुलींच्या बालगृहात काळजीवाहक होते, आता अशी प्रशिक्षणं घेते. माझं ऐकाल तर रात्रीपासून सुरुवात करा.

दिवसा शाळा असते, अधीक्षक असतात, समुपदेशक येऊन जातात. रात्री दिवे मालवले की काळजीवाहक ताई एकटी. नेमकं तेव्हाच कुणी दचकून उठतं, कुणाचं अंथरूण ओलं होतं. माझ्या पहिल्याच महिन्यात मी एका मुलीला उठवायला तिचं पांघरूण ओढलं. ती किंचाळत कोपऱ्यात जाऊन बसली, दिवसभर कुणाशी बोलली नाही. तिच्यावर घरी काय गुदरलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं कळायची गरजही नव्हती. ‘हिला झोपेत हात लावू नका’ एवढं पुरलं असतं. प्रत्येक मुलाबद्दल असं एखादं वाक्य ताईच्या हाती पडेल अशी पद्धत तिथे पाडून घ्या. पायांच्या बाजूला, जरा लांब उभं राहून नावाने हाक मारायची, हे गादी घालून प्रत्यक्ष करून घ्या. ओली चादर गाजावाजा न करता बदलणंसुद्धा.

मेंदूचं शास्त्र अर्ध्या तासात आटपा. धोका ओळखणारा बदामाएवढा भाग मेंदूत असतो. ती धोक्याची घंटाच. सतत मार खाल्लेल्या मुलात ती दार आपटलं, दारूचा वास आला तरी वाजते. ती वाजत असताना विचार करणारा मेंदू मागे पडतो, तेव्हा केलेला उपदेश पोचत नाही. ब्रूस पेरी या अमेरिकी बालमनोविकारतज्ज्ञांनी क्रम सांगितलाय: आधी शांत होऊ द्या, मग जवळीक साधा, मग समजवा. आपण उलट, समजावण्यापासूनच सुरू करतो. म्हणून ताईंकडून स्वतःचं अंग सांभाळण्याचा सराव करून घ्या: आवाज खाली, हात दिसतील असे, मुलाच्या उंचीला बसणं, दाराची वाट न अडवणं. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ८२ नुसार संस्थेत शारीरिक शिक्षा हा गुन्हा आहे, हेही सांगाच. पण मारायचं नाही तर त्याऐवजी काय करायचं हे हाताला वळण पडेपर्यंत करवून घेतलं नाही, तर कलम नुसतं भिंतीवर राहतं.

उशीखाली पोळी सापडली की ताई ‘चोरी’ म्हणतात. उपाशी राहिलेलं मूल उद्याची सोय करत असतं. आम्ही एकीच्या उशाशी शेंगदाणे-गुळाचा डबा ठेवला, तो रिकामा झाला की तिच्यासमोर भरायचा. तिसऱ्या आठवड्यापासून पोळी सापडेनाशी झाली.

नाशिकसाठी खास एक: ढोल. गणपतीत मिरवणूक रस्त्याने जाते तेव्हा काही मुलं पलंगाखाली शिरतात. आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, किती वाजता येणार, किती वेळ वाजणार, आणि ज्यांना नको त्यांना आतल्या खोलीत ताईंसोबत बसवायचं.

लैंगिक अत्याचाराबद्दल मूल बोललं तर खोदून विचारू नये. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही,’ इतकं पुरे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नये, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. पुढे कुणाला कळवायचं तो क्रम ताईंना पाठ हवा: अधीक्षक, पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथक, बालकल्याण समिती. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांकही हाताशी असू द्या.

आणि ताईंचं काय? रात्रपाळी करून, असल्या गोष्टी पोटात ठेवून त्या घरी जातात आणि स्वतःच्या लेकरांवर ओरडतात. मी ओरडलेय. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक त्यांच्यासाठीही आहे, हे ठासून सांगा. संस्थेकडून आठवड्याला एक तास मागून घ्या, जिथे ताई फक्त एकमेकींशी बोलतील, अधीक्षकांशिवाय. पहिली बैठक प्रशिक्षण संपल्यावर आठ दिवसांच्या आत ठेवा. तोवर पहिली अवघड रात्र येऊन गेलेली असते.